साडेपाचला काळजी करायला बसा

नमस्कार मंडळी. देवगडकडच्या एक काकी, नारळी पौर्णिमा झाली आणि मुलगा ट्रॉलरवर गेला की आमच्या आरोग्य केंद्रात हजर. "माका झोप नाय ओ, छातीत धडधडता." ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल. मग मी सात प्रश्नांचा कागद घेतला, जीएडी-७ म्हणतात त्याला, काळजीचा आजार किती आहे ते मोजणारा, मागच्या दोन आठवड्यात किती त्रास झाला ते विचारायचं, एकूण २१ मार्क, १० किंवा त्याच्या वर गेलं तर नीट बघायला हवं. काकींचे १४!

आता गोळ्या सोडून काय काय करता येतं? सीबीटी ऐकलं असेल, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलून करायची उपचारपद्धत, अमेरिकेचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या कामातून आलेली. त्यात विचार पकडायचा. "बोट आलीच नाही तर" हे आजवर किती वेळा वाटलं आणि खरं किती वेळा झालं, वहीत लिहायचं, आणि पोराला दिवसात दहादा फोन लावणं हळूहळू कमी करायचं. दुसरी अप्लाइड रिलॅक्सेशन, स्वीडनच्या ओस्ट यांची. एकेक स्नायू आवळायचा, सोडायचा, सराव करत करत इतकं जमवायचं की धडधड सुरू होताच अर्ध्या मिनिटात, बाजारात टोपली पुढ्यात असतानाही, अंग सैल सोडता यावं. ब्रिटनची २०११ ची गाइडलाइन या दोन्हींना सारखाच मान देते, पण दर आठवड्याला तासभर, असे १२ ते १५ आठवडे. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, जायचं म्हणजे दिवस मोडला, त्यामुळे आमच्याकडे मी तरी आधी रिलॅक्सेशनच शिकवते, लिहायला-वाचायला लागत नाही ना!

पण काकींचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलेलं. "मी काळजी करतंय म्हणान तो सुखरूप येता." म्हणजे काळजी सोडली तर आई म्हणून आपण चुकलो! इथे एड्रियन वेल्स यांची मेटाकॉग्निटिव्ह थेरपी कामाची, ती बोटीबद्दल वाद घालतच नाही, काळजीवरचा हा विश्वासच तपासते. काळजी आली की तिला सांगायचं, आत्ता नाही, संध्याकाळी साडेपाचला ये, पंधरा मिनिटं तुझीच.

पंधरा दिवसांनी काकी आल्या. "साडेपाचाक बसलंय, तर काय काळजी करूची ता आठवलाच नाय!" रोज असं होत नाही हां, वादळाचा इशारा आला त्या रात्री परत जागरण.

बोलायला जवळ कोणी नसेल तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे, रात्रीही उचलतात. नंबर १४४१६. पेन आणलंत? एक, चार, चार, एक, सहा.