न विचारता बोलायचं कसं

(अमेरिकेतल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपला मुलूख निजामी राजवटीतून सुटला, त्याबद्दल आधी बोलून झालंय. मी पोटापाण्याचं बोलते.

समोर लातूर, नांदेड, परभणी, जालन्याकडची मंडळी आहेत. बऱ्याच जणांची दहावी मराठी माध्यमातली आणि बारावी लातूर पॅटर्नमधली. त्या पॅटर्ननं एक गोष्ट अंगात मुरवली. सरावाचे पेपर इतके सोडवा, की खरा पेपर हातात आल्यावर ओळखीचा वाटला पाहिजे. त्यात वाईट काही नाही, त्याच जोरावर इथवर आलो. पण तिथं प्रश्न दुसरं कुणी काढतं. नोकरीत प्रश्नपत्रिकाच मिळत नाही. तुम्ही वर्षभर काय केलंत, कुठं अडलंय, किती पगार हवा, हे आपणहून सांगावं लागतं. आपल्या माणसाला विचारलं तर तो दहा मिनिटं बिनचूक बोलतो. नाही विचारलं तर वर्षभर गप्प. लोक याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणतात. मला तो सवयीचा प्रश्न वाटतो, आणि सवय सरावानं लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मीटिंगपासून सुरू करू. पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी तोंड उघडा. जितका वेळ गप्प बसाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं, आणि बाकीचेही तुम्हाला ऐकणाऱ्यांत धरून चालतात. त्यासाठी आदल्या संध्याकाळी विषयपत्रिका मागून घ्या आणि कागदावर तीनच ओळी लिहा: आपल्याकडचा एक आकडा, एक प्रश्न आणि एक धोका. तिन्हींपैकी एक बोलला तरी भागलं. धोक्याची ओळ लिहायला सगळ्यात अवघड जाते, आणि लोकांच्या लक्षात तीच राहते.

बोलण्याचा क्रमही बदलावा लागतो. आपण सांगतो कसं? आधी सर्व्हर बंद पडला, मग अमक्याला फोन केला, मग त्यानं असं सांगितलं, आणि निष्कर्ष शेवटी. तोवर ऐकणारा दुसरी मेल उघडून बसलेला असतो. कीर्तन आठवा. बुवा अभंग आधी म्हणतात, निरूपण नंतर. तसंच करा. पहिलं वाक्य, ‘तारीख चार दिवस पुढं ढकलावी लागेल.’ दुसरं, त्याचं कारण. तिसरं, समोरच्याकडून काय हवंय. बाकीचं कुणी विचारलं तर.

आता उच्चार. इथले लोक बोलतात तसं बोलायच्या नादाला लागू नका. तो खटाटोप व्यर्थ आहे आणि ऐकायलाही विचित्र वाटतो. दोन-तीन जागा मात्र खरोखर अडतात. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा प, ट, क हे लोक थोडी हवा सोडून म्हणतात. आपण कोरडा ‘प’ म्हणतो, तो त्यांच्या कानाला ‘ब’ लागतो. ‘पेअर’ म्हटलं की ‘बेअर’ ऐकू जातं. तोंडासमोर कागदाचा कपटा धरा, ‘पेपर’ म्हणताना तो हलला पाहिजे. दुसरी जागा ‘व’. ‘व्हेरी’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेस्ट’ला दात लागतच नाहीत, ओठांचा फक्त चंबू होतो. तिसरी आणि मोठी जागा म्हणजे आघात. ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर, ‘कम्पोनंट’मध्ये ‘पो’वर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो आणि ऐकणारा चुकतो. आपल्या कामातले वीस शब्द निवडा, शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ऐका, फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ताडून बघा. वीसच. आणि वेग कमी करा. मिनिटाला १३० ते १५० शब्द पुरेत.

काही शब्द वेगळाच घोटाळा करतात. ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्या लेखी शंका, त्यांच्या लेखी अविश्वास. ‘क्वेश्चन’ म्हणा. त्याहून घातक आपलं ‘बघतो’. गावाकडं ‘बघू की’ म्हटलं की समोरचा काय ते समजून घेतो. त्याचं ‘आय विल ट्राय’ केलं की इथला मॅनेजर काम होणार असं धरून बसतो आणि शुक्रवारी तोंडघशी पडतो. नाही म्हणायचं तर तारखेसकट म्हणा: ‘हातात दोन कामं आहेत. हे बुधवारी होईल, ते पुढच्या सोमवारी. यातलं आधी कोणतं करू?’ नकार तुमच्या अंगावर येत नाही, निवड त्याच्याकडं जाते.

चूक झाली तर ती तासाभरात सांगायची. काय झालं, कुणाला झळ बसली, आत्ता काय चालू आहे, पुढची खबर किती वाजता. चार वाक्यं. सहाशे शब्दांचा माफीनामा नको. आपल्याकडं आधी दुरुस्त करायचं आणि मग सांगायचं अशी रीत आहे; ती हेतूनं चांगली, पण दुरुस्ती फसली की लपवल्याचा ठपका येतो.

दर शुक्रवारी १५ मिनिटं काढून वहीत आठवड्याचं काम लिहा. काय केलं, कुणासाठी, आणि आकडा: किती तास वाचले, किती तक्रारी घटल्या, किती पैसे वाचले. वर्षअखेरच्या मूल्यमापनात मॅनेजरला शेवटचे दोन महिनेच आठवतात, आणि फेब्रुवारीतलं काम खुद्द तुम्हालाही आठवत नाही. लिहिताना ‘आम्ही’चं काय करायचं हा आपला जुना घोळ. ‘मी’ म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. मग दोन वाक्यं करा: ‘काम पाच जणांच्या टीमनं केलं. त्यातला डेटा हलवण्याचा भाग माझ्याकडं होता.’ खोटंही नाही, फुशारकीही नाही. मुलाखतीतही हाच तोडगा. तिथं एका उत्तराला दोन मिनिटं धरा: प्रसंग २० सेकंद, परिणाम २० सेकंद, मधला सगळा वेळ तुम्ही स्वतः काय केलंत त्याला. आपल्याकडं प्रसंगच दीड मिनिट खातो.

आता पगार. बैलबाजारात दात न बघता भाव कुणी बोलत नाही. इथं मात्र आपला इंजिनिअर बाजारभाव न काढता मागायला जातो, किंवा जातच नाही. भाव काढायच्या जागा उघड्या आहेत. न्यूयॉर्क राज्यात १७ सप्टेंबर २०२३ पासून (दिवस आपलाच, योगायोग बघा) चार किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत पगाराची खालची-वरची मर्यादा द्यावी लागते. कोलोराडोत हे २०२१ पासून आहे, कॅलिफोर्नियात २०२३ पासून. शिवाय एच-वन-बीसाठी, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या व्हिसासाठी, कंपन्या श्रम खात्याकडं जो अर्ज करतात, त्यातला पगाराचा आकडा खातं जाहीर करतं. हुद्दा आणि शहर घालून शोधा. तो मूळ पगार असतो, बोनस आणि शेअर्स त्यात धरलेले नसतात, हे विसरू नका. सहकाऱ्याला पगार विचारणं इथं अनेकांना अवघड वाटतं. पण खासगी कंपनीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना तसं बोलण्याचा हक्क १९३५ च्या कायद्यानं दिलेला आहे. सुपरवायझर मात्र त्यात येत नाहीत.

मागायची वेळ मूल्यमापनाच्या बैठकीत नसते. बैठकीच्या दिवशी पैसे वाटून झालेले असतात. तुम्हाला फक्त कळवतात. दोन-तीन महिने आधी वेळ मागा, वहीतली चार-पाच कामं एका पानावर न्या आणि एकच आकडा बोला. बोललात की थांबा. आपण तिथंच घसरतो. समोर दोन सेकंद शांतता पडली की लगेच ‘नाही जमलं तरी चालेल’ म्हणून स्वतःचा भाव स्वतःच पाडतो.

व्हिसावर असलेल्यांच्या मनात मागं एक भीती असतेच: बोललो आणि नोकरी गेली तर? नोकरी सुटल्यावर एच-वन-बीवाल्याला सहसा ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते. आय-९४, म्हणजे इथं राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढीच. तेवढ्यात नव्या कंपनीचा अर्ज दाखल व्हावा लागतो. म्हणून मंजुरीची कागदं, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, डिग्रीची प्रमाणपत्रं आणि ताजा बायोडेटा घरी एका फाइलमध्ये ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, तो पहिल्या तासात बंद होतो. प्रत्यक्ष वेळ आलीच तर वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नाही. आणि सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याही कोर्सपेक्षा त्या पैशानं माणसाचा आवाज जास्त खणखणीत होतो, असं माझं मत आहे.

शेवटी सरावाचं. जेवणानंतर मागच्या खोलीत तीन-तीन जणांचे गट करू. एक बोलणारा, एक मॅनेजर, एक घड्याळ धरणारा. प्रत्येकाला दहा मिनिटं: दोन मिनिटं आकडा मागायचा, बाकीच्या आठांत दोघांनी नेमकं काय खटकलं ते सांगायचं. ‘छान झालं’ म्हणायला बंदी. पुढच्या महिन्यापासून हाच सराव नांदेड, लातूर आणि संभाजीनगरच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर व्हिडिओ कॉलवर घ्यावा, असं मंडळाला सुचवते. शनिवारी आपल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊ वाजतात तेव्हा तिकडं संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरात घड्याळं मागं गेली की साडेसात. सुरुवात मराठीतच करू द्या. ‘काय करूलालास’ असं त्यांच्या बोलीत विचारलं की पोरं मोकळी होतात. मग तेच उत्तर त्यांच्याकडून इंग्रजीत काढून घेता येतं. नावं द्यायची वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे.