जंगल नेमकं कुठलं?

आधी नुसते आवाज येतात. काहीतरी किरकिरतंय, घसटत चाललंय, रात्री घाटात गाडी बंद पडली आणि हेडलाइट विझवले की जे ऐकू यायला लागतं ना, तसलं. कुणी माइक घेऊन रानात गेलेलं नाहीये बरं का, स्टुडिओतच गिटार आणि पियानो वाजवून ती टेप उलटी फिरवलीये. मग ड्रम्स, मग बेस, आणि मग एक खरवडलेला गळा सांगतो की पळ, जंगलातून पळ, मागे वळून बघूच नकोस.

साल 1970. बँड क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, गाणं 'रन थ्रू द जंगल', लिहिणारा आणि गाणारा जॉन फॉगर्टी.

आता धरा की तुम्ही त्या वर्षी अमेरिकेत विशीतले आहात. व्हिएतनाममध्ये तुमच्या देशाचे तीन लाखांच्या वर सैनिक आहेत. चारच महिन्यांपूर्वी, 1 डिसेंबर 1969 ला, सैन्यभरतीची सोडत टीव्हीवर बघितलीये, काचेच्या भांड्यातून जन्मतारखा काढत होते, पहिली निघाली 14 सप्टेंबर, म्हणजे त्या तारखेला जन्मलेल्या पोरांचा नंबर सगळ्यात आधी. मग एप्रिलमध्ये ही रेकॉर्ड येते, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला राष्ट्राध्यक्ष निक्सन सांगतात की आता सैन्य कंबोडियातही जातंय. अशा दिवसांत रेडिओवर जंगल, मुलूखभर धूर, डोंगरावर गडगडाट आणि 'नेम धरा' म्हणून ओरडणारा सैतान, अजून काय डोक्यात येणार सांगा? सगळ्यांनी ठरवून टाकलं, हे व्हिएतनामचं गाणं. मीही कॉलेजात असताना हेच छातीठोकपणे सांगत फिरायचो.

आणि फॉगर्टी पुढे कित्येकदा सांगत राहिला की अरे, मी अमेरिकेबद्दल बोलत होतो. बंदुकांबद्दल.

खरं म्हणजे पुरावा गाण्यातच होता. एका ओळीत आकडा आहे, 20 कोटी बंदुका, भरून ठेवलेल्या. आता व्हिएतनामच्या जंगलात 20 कोटी बंदुका कुठून येतील? आणि 1970 च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या भरली साधारण 20 कोटी 30 लाख. म्हणजे म्हातारेकोतारे, पाळण्यातली पोरं धरून जवळपास माणशी एक बंदूक. त्याआधीच्या सात वर्षांत त्या देशाने जॉन केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी, तिघेही गोळीला गमावले होते. जंगल म्हणजे कुठली तरी दूरची झाडी नव्हतीच, जंगल म्हणजे स्वतःचाच मोहल्ला. गंमत म्हणजे फॉगर्टी स्वतः शिकारी माणूस, बंदुकीच्या विरोधातला वगैरे अजिबात नाही, त्याला खटकत होतं ते बंदुकांचं वेड.

आकडा एवढा स्पष्ट असून कुणाच्या कानात का शिरला नाही? मला वाटतं, व्हिएतनाम हा अर्थ सोयीचा होता. जंगल तिकडे हजारो मैलांवर ठेवलं की आपलं अंगण सुटतं.

फॉगर्टीला युद्धावर लिहायचंच नव्हतं असंही नाही हां. 1966 मध्ये त्याला भरतीचं बोलावणं आलं होतं, तो आर्मी रिझर्व्हमध्ये गेला, 1968 मध्ये सुटला. 1969 चं 'फॉर्च्युनेट सन' ऐका, सिनेटरचा मुलगा मी नव्हे, लक्षाधीशाचा मुलगा मी नव्हे, म्हणजे लढायला कोण जातं आणि कोण घरी बसतं, सगळं उघड. तरी त्यातही व्हिएतनाम हा शब्द एकदाही येत नाही.

मग पाऊस. 'हूल स्टॉप द रेन' मध्ये पाऊस थांबत नाही, आणि मध्येच पंचवार्षिक योजना येते! आपल्याला ऐकून हसूच येतं, शाळेतलं नागरिकशास्त्र आठवतं. पण तिथे त्या योजना सोन्याच्या साखळीत गुंडाळलेल्या आहेत, म्हणजे आश्वासनं देणाऱ्या राजकारण्यांवर टोमणा, आणि युद्ध संपत नाही तो पाऊस, हा अर्थ चांगला बसतो. मग वर्षभराने 'हॅव यू एव्हर सीन द रेन' आलं, यात तर उन्हात पाऊस पडतोय, लोक म्हणाले हे आकाशातून पडणारे बॉम्ब, आग लावणारं नेपाम. फॉगर्टी म्हणाला, नाही हो, आमचा बँड फुटत होता. एकीकडे यशाचं ऊन आणि घरात ही रडारड. 1971 च्या सुरुवातीला त्याचा सख्खा मोठा भाऊ टॉम बँड सोडून गेला. एकच माणूस, एकच पाऊस, दोन गाण्यांत दोन अर्थ. त्यामुळे धूर म्हणजे युद्ध, पाऊस म्हणजे बॉम्ब असली डिक्शनरी घेऊन बसलात की फसलात.

जाता जाता एक भन्नाट किस्सा. पुढे 1984 च्या अखेरीस फॉगर्टीचं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' आलं, आणि 'जंगल'चे हक्क ज्या जुन्या रेकॉर्ड कंपनीकडे होते तिने केस ठोकली की याने आमच्या गाण्याची चाल चोरली. आमच्या म्हणजे, त्याच्याच! 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गडी गिटार घेऊन साक्षीला बसला, ज्युरीला वाजवून दाखवलं, जिंकला.

आता ते गाणं परत लावा, हेडफोनवर. हेलिकॉप्टर, झावळ्या, चिखलातले बूट, सिनेमांनी डोक्यात भरलेलं सगळं काढून टाका. रात्रीची साधी कॅलिफोर्नियातली गल्ली डोळ्यांपुढे आणा, ओळीने घरं, खिडक्यांत दिवे, आणि बहुतेक कपाटांत काहीतरी भरून ठेवलेलं. ती किरकिर सुरू झाली बघा.