इंजिन बंद पडलं तर पायलट पहिले काय करते?

रामराम भावांनो. आपल्या गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर पायलट बनवाची शाळा आहे, त्यामुळं त्या भागातल्या लोकायनं धानाच्या बांधीवरून घिरट्या घेणारं छोटं विमान पाह्यलंच असंन. या शिक्षणात एक गंमत असते, मास्तर वर गेल्यावर मुद्दाम पॉवर कमी करते आन् पोट्ट्याले म्हणते, इंजिन गेलं समज, आता काय करशीन?

पोट्टा पहिले नाक जरासं खाली देऊन ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत जायचा, स्पीड धरते, मंग उतराले मोकळी जागा पाह्यते, मंग फ्युएल-स्विच तपासते आन् रेडिओवर बोलणं सगळ्यात शेवटी. आपलं उलटं असते ना, गाडी बंद पडली का पहिले फोन!

आता मोठ्या विमानाचं पाहा. 15 जानेवारी 2009, न्यूयॉर्क, एअरबस ए320 जेमतेम 2,800 फुटावर होतं आन् हंसायचा थवा दोन्ही इंजिनात घुसला. उडवत होता को-पायलट स्काइल्स. कॅप्टन सलनबर्गरनं लगेच एपीयू, म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन, चालू केलं, चेकलिस्टमधी, म्हणजे अशा येळी कोणतं काम कधी कराचं त्या यादीत, हे काम बरंच खाली होतं बरं का, पण त्याच्यानं विमानाची वीज टिकली. मंग तो म्हणे "माझं विमान", स्काइल्स म्हणे "तुमचं विमान", बस, वाद नाही चर्चा नाही, एक उडवून राहिला दुसरा चेकलिस्ट वाचून राहिला. ती चेकलिस्ट 20,000 फुटाच्या वरचा विचार करून लिहिलेली, पुरी झालीच नाही, साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीत, आन् 155 च्या 155 माणसं वाचली.

पण जे शिकवलंच नाही ते ऐन टायमावर कुठून येईन बापा? त्याच वर्षी 1 जूनले एअर फ्रान्सचं 447 नंबरचं विमान अटलांटिकवर होतं, स्पीड मोजणाऱ्या नळ्यायत बर्फ जमला, ऑटोपायलट सुटला, आन् उडवणाऱ्यानं नाक वर खेचलं. स्टॉलचा, म्हणजे पंखायचा हवेतला आधार सुटल्याचा, इशारा वाजत होता तरी नाक वर-खाली कराची स्टिक मागंच. 228 माणसं गेली. चौकशीत निघालं का इतक्या उंचावर असं झालं तर हातानं विमान कसं सांभाळाचं हे त्या को-पायलटायले शिकवलंच नव्हतं. मंग जगभर ट्रेनिंग बदललं, स्टॉल आला का पहिले नाक खाली.

आन् मले सगळ्यात कठीण वाटते ते हातापायाचं नाही, तोंडाचं ट्रेनिंग. 1977 मधी टेनेरिफच्या रनवेवर धुक्यात दोन जंबो धडकले, 583 माणसं गेली. समोरचं विमान अजून रनवेवरच आहे का, असं उडाले निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं, म्हणजे कॉकपिटात इंजिनाकडे पाहणाऱ्या तिसऱ्या माणसानं, विचारलं होतं, पण कॅप्टननं उडवून लावलं आन् तो गप्प बसला. आपल्या गावात मोठ्या माणसाले तोंडावर "थांबा" म्हणून पाहा, मंग समजते हे किती अवघड आहे! म्हणून आता ज्युनिअरले शिकवतात का शंका आली तर बोल, कॅप्टननं ऐकलं नाही तर पुन्हा बोल, आन् तरी नाही ऐकलं तर विमान हातात घे. आपल्या एअरलाइनच्या पायलटायले दर सहा महिन्यांनी परीक्षा द्या लागते, तिथं हेही पाह्यतात.