हरवलेली किल्ली आणि गाडीचं मस्टर

मंडळी, माझे वडील मंडईजवळ फुटपाथवर छत्री लावून किल्ल्या करायचे. हातात कानस, समोर पत्र्याच्या डब्यात पितळेच्या कोऱ्या किल्ल्या. अँबॅसिडर असो की पद्मिनी, दात जमले की गाडी सुरू. आज तीच विद्या घेऊन मी तुमच्या गाडीपाशी आलो आणि हुबेहूब दात कापले, तर दार उघडेल, स्टार्टरही फिरेल. पण इंजिन एकतर पेटणारच नाही, नाहीतर दोन सेकंद गुरगुरून बंद पडेल. डॅशबोर्डवर गाडी आणि किल्लीचं चित्र असलेला एक बारका दिवा लुकलुकत राहील. वडिलांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्धा तास ते पेट्रोल संपलंय का तेच बघत होते.

(पुण्याचं गिऱ्हाईक किल्ली म्हणतं, मुंबईचं चावी म्हणतं. मी दोन्ही म्हणतो, ज्याचे पैसे त्याचा शब्द.)

तर तो दिवा सांगत असतो, ‘दात बरोबर आहेत, पण मी तुला ओळखत नाही.’ ही ओळख असते किल्लीच्या काळ्या मुठीतल्या चिपमध्ये. शेंगदाण्याच्या फाकेएवढा काळा तुकडा, किंवा काचेची बारीक नळी. त्याला सेल लागत नाही. तुम्ही किल्ली फिरवता त्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते. ती बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या लहरी सोडते. त्या लहरींवरच चिपला वीज मिळते, ती जागी होते आणि बोलते. दोघांचं बोलणं जेमतेम काही सेंटिमीटरच्या आत चालतं. ओळख पटली तर इमोबिलायझर, म्हणजे ही ओळख तपासणारी यंत्रणा, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, परवानगी देतो. नाही पटली तर इंजिन चालू राहू देत नाही.

ओळख पटवायच्या दोन तऱ्हा आहेत. सुरुवातीच्या चिपा नुसता एक ठरलेला आकडा सांगायच्या. गडाच्या दरवाजावर रात्री परवलीचा शब्द सांगतात ना, तसं. पण परवलीचा शब्द झाडामागे लपलेल्यानं ऐकला, तर उद्या तोही आत. म्हणून पुढच्या चिपांत पहारेकरी दरवेळी नवा प्रश्न टाकू लागला. गाडी एक आकडा फेकते, चिप आपल्याजवळच्या गुप्त आकड्यानं त्यावर गणित करते आणि उत्तर देते. पुढच्या वेळी आकडा वेगळा, उत्तर वेगळं. ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. गणित कच्चं असेल तर मात्र लागतं. मेगामोस नावाच्या चिपचं गणित कच्चं आहे हे संशोधकांनी शोधून काढलं, तेव्हा फोक्सवॅगननं २०१३ साली लंडनच्या कोर्टातून त्यांचा शोधनिबंध छापायला मनाई आणली. निबंध बाहेर आला २०१५ साली. मधली दोन वर्षं कुलूप तितकंच कच्चं होतं, फक्त मालकांना ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्यात असं केलं तर लोक दुकानासमोर येऊन उभे राहतील.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर अमेरिकेत बघा. जर्मनीत १९९५ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर आला, १९९८ पासून युरोपभर सक्तीचा झाला, कॅनडात २००७ पासून. अमेरिकेत कायदाच नव्हता. तिथे किया आणि ह्युंदाईच्या किल्लीवाल्या स्वस्त मॉडेलांत हा बसवलाच नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ टाकले, की स्टीअरिंगखालचं प्लास्टिक उचकटायचं आणि यूएसबीच्या केबलचं टोक घालून फिरवायचं. गाड्या धडाधड चोरीला गेल्या. शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं. त्याच कंपन्यांच्या कॅनडातल्या गाड्यांना ही युक्ती लागू पडेना. फरक त्या शेंगदाण्याच्या फाकेचा.

आता मुद्द्यावर येतो. तुमची किल्ली हरवली, तर हरवलंय काय? मी माझ्या मुलांना, म्हणजे दुकानातल्या पोरांना, असं शिकवतो की प्रत्येक गाडीत एक मस्टर असतं. त्यावर साधारण चार ते आठ किल्ल्यांची नावं मावतात. शोरूममधून गाडी येते तेव्हा दोन नावं लिहिलेली असतात. नवी किल्ली करायची म्हणजे मस्टरवर नाव चढवायचं. आणि हरवलेल्या किल्लीचं नाव खोडायचं. हे दुसरं काम गिऱ्हाईक कधीच सांगत नाही. त्याला फक्त गाडी सुरू व्हायला हवी असते. जुनी किल्ली रिक्षात पडली असेल, समुद्रात गेली असेल किंवा कोणी मुद्दाम उचलली असेल, मस्टरवर तिची हजेरी चालूच राहते.

समुद्राचं आठवलं म्हणून सांगतो. गणपतीपुळ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. बर्मुडाच्या खिशातली किल्ली लाटेनं नेली होती. मी म्हटलं, दुसरी घरून मागवा, कुरिअरपेक्षा एखाद्या नातेवाइकाबरोबर एसटीनं लवकर येईल. तिकडे शांतता. मग म्हणाले, ‘ही दुसरीच होती हो. पहिली दोन वर्षांपूर्वी हरवली.’ बाई मागून काहीतरी बोलत होत्या, ते मी इथे सांगत नाही.

एक किल्ली हातात असताना दुसरी करणं हे सोपं काम आहे. असलेली किल्ली मशीनला धरली की दात कापून होतात, गाडी तिला ओळखतेच, नवीचं नाव चढवायला बहुतेक गाड्यांत अर्धा तास पुरतो. काही फोर्ड गाड्यांत तर दोन चालू किल्ल्या असतील तर तिसरी मालकाला स्वतःच शिकवता येते. पण दोन्ही गेल्या, की आमच्या भाषेत ‘ऑल कीज लॉस्ट’. मग आधी दाराच्या कुलपात लिशी नावाचं मोजमापाचं हत्यार घालून आतल्या धातूच्या पातळ पट्ट्यांची उंची एकेक करून वाचायची, त्यावरून दात कापायचे. गाडी घेतल्यावर किल्ल्यांबरोबर आलेला छोटा पत्र्याचा बिल्ला जपून ठेवला असेल, तर हे काम वाचतं, त्यावर दातांचा नंबर असतो. पण तो बिल्ला त्याच जुडग्यात अडकवलेला असतो आणि त्याच जुडग्याबरोबर हरवतो.

मग स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला प्रोग्रामर, म्हणजे मस्टरवर नाव चढवायचं यंत्र, लावायचा. गाडी पिन, म्हणजे गुप्त नंबर, मागते. काहींची पिन कंपनीकडून चासी नंबरवर मिळते, काहींची यंत्र स्वतः काढतं, काहींसाठी कॉम्प्युटरचा डबा खोलून आतली मेमरी थेट वाचावी लागते. काही गाड्या दहा मिनिटं ताटकळत ठेवतात. ते मुद्दाम केलेलं असतं, चोराला दहा मिनिटं बसवत नाही. या सगळ्यात मी सगळ्यात जास्त कशाला भीत असेन, तर गाडीच्या बॅटरीला. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहून लॉक होतो, आणि मग किल्लीच्या कामाचं रूपांतर डबा बदलण्यात होतं. म्हणून पुळ्याला मी आधी चार्जर लावला, चहा मागवला, मग लॅपटॉप उघडला. रात्री साडेनऊला गाडी सुरू झाली. आधीची दोन्ही नावं खोडली, दोन नवी चढवली. तिसरी करू का विचारलं, तर म्हणाले, ‘बघू.’

नाव खोडलं म्हणजे धातू बदलला असं नाही, हेही लक्षात घ्या. जुन्या किल्लीनं गाडी सुरू होणार नाही, पण दाराचं कुलूप उघडेल. लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर ठेवायची सवय असेल आणि किल्ली चोरीला गेल्याचा संशय असेल, तर कुलपाचा सिलिंडरही बदला.

स्वस्तात होतं म्हणून काही जण क्लोन करून देतात. म्हणजे नवं नाव चढवत नाहीत, जुन्या चिपचीच जुळी बहीण बनवतात. गाडीला दोघी एकच वाटतात. चालतं, पण मूळ किल्ली हरवली आणि तिचं नाव खोडलं की जुळीही बाद. किल्ली करून घेताना विचाराच, ‘नाव चढवलंत की क्लोन केलंत?’ कारागीर चपापला तर काय ते समजून घ्या.

आणखी एक रोजचा घोळ. बटणं झिजली म्हणून लोक सिग्नलजवळच्या स्टॉलवर नवं कव्हर घालून घेतात. जुन्या कव्हरात चिप चिकटवलेली असते, ती काढायची राहते, कव्हर कचऱ्यात जातं. रिमोटनं दार उघडतं, गाडी मात्र सुरू होत नाही, आणि माणूस भर रस्त्यात मला फोन करून म्हणतो की बॅटरी उतरलीय.

मागून प्रश्न आलाय, रिमोटचा सेल संपला तर? बटणवाल्या रिमोटचा सेल फक्त दार उघड-बंद करायला असतो. चिपचं आणि त्याचं नातं नाही, गाडी सुरू होईल. पुश बटणवाल्या गाडीत रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली लपवलेली असते, तिनं दार उघडा, आणि बहुतेक गाड्यांत रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. ज्यांची टेकवायची जागा वेगळी आहे, त्यांच्या मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते. मॅन्युअल कुठे आहे, असं विचारू नका. ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकमधून न काढलेलं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक. मालक एकच किल्ली देत असेल, तर दुसरी कुठे आहे हे विचारा, आणि नाहीच मिळाली तर गाडी नावावर झाल्या झाल्या मस्टर पुसून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. तेव्हा ‘एक हरवली होती’ हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. हरवल्याची नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते, तिची प्रत आणि नव्या किल्लीची पावती, दोन्ही आरसीबरोबर ठेवा. आणि जो कारागीर आरसी न बघता, ओळखपत्र न मागता किल्ली करायला बसतो, त्याच्याकडे जाऊ नका. तो तुमच्या गाडीची किल्ली उद्या दुसऱ्यालाही तितक्याच प्रेमानं करून देईल.

पुळ्याच्या त्या गृहस्थांचा मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला होता. मी घाबरतच उचलला. तिसरी किल्ली करायची होती. दोन्ही शाबूत आहेत, म्हणाले, बाईंनी पाठवलंय.