‘टीनएजर्स’: पाच आवाज, दोन नावं

(दृश्य: रेकॉर्ड फिरतेय. सुई टेकते. गाण्याची सुरुवात पूर्ण ऐकू द्यावी, निवेदन त्यानंतर.)

एऽ डुम-डा-डी-डुम-डा-डुम. हा खर्जातला आवाज शर्मन गार्न्सचा. वय वर्षं पंधरा. ना गिटार, ना ड्रम. पोरानं नुसत्या तोंडानं ठेका धरलाय. मागोमाग बाकीचे ‘ऊऽ वाऽ’ करत येतात, आणि मग सगळ्यांच्या डोक्यावरून एक कोवळा, धारदार आवाज निघतो. तो फ्रँकी लायमन. तेरा वर्षांचा. गट ‘टीनएजर्स’. गाणं ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’. जानेवारी १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या जी रेकॉर्ड्सनं ते बाजारात आणलं.

अडीच मिनिटांच्या आत गाणं संपतं. ते कुणाचं, हा वाद मात्र चाळीस वर्षं चालला.

(दृश्य: इमारतीचा जिना, खालून वर. मोकळा आवाज.)

हा जिना बघा. चाळीच्या जिन्यात हाक मारली की वरच्या मजल्यापर्यंत घुमते, तसाच आवाज इथंही घुमतो. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली पोरं या घुमण्यासाठीच असल्या जागा शोधायची. जिने, भुयारी रेल्वेची स्थानकं, शाळेचे बोळ. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वाद्यांचं काम गळ्यावर सोपवलं. खर्जवाला बास वाजवणार, मधले दोघे-तिघे सूर धरून ठेवणार, वरचा गाणार. याला पुढं डू-वॉप म्हणू लागले; गाणाऱ्यांच्या तोंडी तेव्हा हा शब्द नव्हता. गटांची नावं तरी काय: रेव्हन्स, ओरिओल्स, फ्लेमिंगोज, पेंग्विन्स. अख्खं पक्षी अभयारण्य.

(दृश्य: १६४व्या रस्त्यावरची शाळा. दर्शनी भिंत, मग फाटक.)

हार्लेमच्या उत्तरेला वॉशिंग्टन हाइट्समध्ये एडवर्ड स्टिट ज्युनिअर हायस्कूल. शर्मन गार्न्स आणि जिमी मर्चंट हे दोघे इथले काळे विद्यार्थी. त्यांना येऊन मिळाले हर्मन सँटियागो आणि जो नेग्रोनी, पोर्तो रिकन घरांतली मुलं. १९५५च्या अमेरिकेत अशी चौकडी सर्रास दिसत नव्हती. गटाची नावं बदलत राहिली. एकदा कूप द व्हिल्स, एकदा एर्मिन्स, मग प्रीमिअर्स. मुख्य गायक सँटियागो.

फ्रँकी शेवटी आला. शाळेच्या कार्यक्रमात तो एका लॅटिन वाद्यवृंदाबरोबर होता, तिथं ओळख झाली. त्याच्याआधी या चौघांच्या तालमी सुरू झालेल्या होत्या, हे लक्षात ठेवा.

(दृश्य: टेबलावर जुनी पत्रं, हस्ताक्षर जवळून. ही पुनर्निर्मिती आहे, तशी पट्टी द्यावी.)

गाण्याचा जन्म कसा झाला, ते गटातले लोक असं सांगत. शर्मनच्या इमारतीत राहणारा एक माणूस या पोरांचं गाणं जाता-येता ऐकायचा. दुसऱ्यांचीच गाणी काय गाता, म्हणून त्यानं आपल्या प्रेयसीची काही पत्रं त्यांच्या हाती दिली. यातनं काही निघतंय का बघा. एका पत्रात एक ओळ होती: पाखरं एवढ्या आनंदानं का गातात? सँटियागो आणि मर्चंटनं ती उचलली. प्रश्नाला प्रश्न जोडत गेले, चाल बांधली, कुणी कुठं ‘ऊऽ वाऽ’ म्हणायचं ते ठरवलं.

इथं घाई करून चालणार नाही, कारण पुढचं सगळं भांडण याच टप्प्यावरून आहे. डू-वॉपमध्ये गाणं कागदावर लिहून मग गायलं जात नाही. ते गाता गाता होतं. खर्जवाल्याची सुरुवात, साथीदारांचे निरर्थक बोल, मधली उसळी काढून घेतली तर उरतात चार साध्या ओळी. मग गाणं लिहिलं कुणी? आमचं उत्तर सरळ आहे: ज्यांच्या गळ्यात ते घडलं त्यांनी.

(दृश्य: स्टुडिओतला मायक्रोफोन, सॅक्सोफोनची जवळून चित्रं.)

व्हॅलेंटाइन्स गटाचा गायक रिचर्ड बॅरेट याच भागात राहायचा. रात्री-अपरात्री चाललेला पोरांचा रियाझ कानावर पडून पडून अखेर तो त्यांना जी रेकॉर्ड्सच्या जॉर्ज गोल्डनरकडे घेऊन गेला. गोल्डनर मोठा जाणकार, पण घोड्यांच्या शर्यतीपायी कायम कर्जात. ऐकवायच्या दिवशी सँटियागोचा घसा बसला होता. फ्रँकी म्हणाला, मला येतं. गायला, आणि मुख्य गायक बदलला. साथीला जिमी राइटचा वाद्यवृंद आला. मधला सॅक्सोफोन त्याचाच. प्रीमिअर्सचे टीनएजर्स झाले.

रेकॉर्ड अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर पोचली, रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या. जुलैमध्ये ती ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर होती, सलग तीन आठवडे.

(दृश्य: ‘रॉक, रॉक, रॉक’ या १९५६च्या चित्रपटातला तुकडा. आवाज मोठा.)

हा तुकडा आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. फिकट स्वेटर, छातीवर इंग्रजी ‘टी’. फ्रँकीचे पाय बघा, मग हात. बोलताना लोक हात हलवतात तितक्या सहज तो गाताना हलवतो. आता नजर मागच्या चौघांवर न्या. उंच शर्मन जरा वाकून उभा आहे. चौघांची पावलं एकत्र पडतात, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा त्यांना सोडून फ्रँकीकडे जातो. गाण्याचा विषय, मी काही बिघडलेला पोरगा नाही. शाळकरी मुलांवर त्या वर्षी असा खुलासा करण्याची वेळ आली होती. रॉक अँड रोल म्हणजे गुन्हेगारीची शिकवणी, असं वर्तमानपत्रं म्हणत होती.

(दृश्य: लंडन, पॅलेडियमची दर्शनी बाजू.)

१९५७. लंडन पॅलेडियम या नाट्यगृहात कार्यक्रम. याच दौऱ्यात फ्रँकीला गटापासून वेगळं काढण्यात आलं. ‘गुडी गुडी’च्या रेकॉर्डवर टीनएजर्स हे नाव छापलं, पण त्यात ते चौघे गायलेच नाहीत. मागचे आवाज भाड्याचे होते. जुलैमध्ये अ‍ॅलन फ्रीड या रेडिओ निवेदकाच्या अमेरिकेतल्या टीव्ही कार्यक्रमात फ्रँकी एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेकडच्या वाहिन्या खवळल्या आणि कार्यक्रम बंद पडला. चौघांनी नवा गायक घेऊन बघितला, जमलं नाही. फ्रँकीचा आवाज फुटला. हेरॉइन लागलंच होतं. २७ फेब्रुवारी १९६८ला हार्लेममध्ये आजीच्या घरी तो मेलेला सापडला. वय २५. गार्न्स १९७७ मध्ये गेला, नेग्रोनी १९७८ मध्ये.

(दृश्य: रेकॉर्डवरचं लेबल जवळून. श्रेयाची ओळ स्थिर ठेवावी.)

आता ही ओळ वाचा. गाण्याची नोंदणी झाली तेव्हा गीतकार म्हणून दोन नावं दिली गेली, फ्रँकी लायमन आणि जॉर्ज गोल्डनर. सँटियागो नाही, मर्चंट नाही. गोल्डनरनं कंपन्या विकल्या त्या रूलेट रेकॉर्ड्सच्या मॉरिस लेव्हीला. न्यूयॉर्कच्या बर्डलँड या जॅझ क्लबचा मालक हाच. पुढं गोल्डनरच्या जागी लेव्हीचं नाव आलं. गाणं तयार होताना हा माणूस त्या जिन्याच्या आसपासही नव्हता. १९८१ मध्ये डायना रॉसनं तेच गाणं पुन्हा गायलं, अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत नेलं, आणि श्रेयाच्या त्या ओळीला पुन्हा मोल आलं. फ्रँकीची पत्नी म्हणून त्या पैशांवर हक्क सांगत तिघी जणी पुढं आल्या. त्या प्रकरणात लेव्हीला शपथेवर विचारलं, तुम्ही गाणी लिहिता? आपण संगीतकार शोपँसारखी गाणी लिहितो असं म्हटलं तर दिशाभूल ठरेल, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं. १९८८ मध्ये खंडणीच्या कटात तो दोषी ठरला, तुरुंगात जायच्या आधीच १९९० मध्ये वारला. नाव मात्र ओळीत राहिलं.

(दृश्य: न्यूयॉर्क, फेडरल न्यायालयाच्या पायऱ्या.)

१९८७ मध्ये सँटियागो आणि मर्चंट न्यायालयात गेले. १९९२ मध्ये ज्यूरीनं दोघांना सहलेखक ठरवलं. १९९३ मध्ये टीनएजर्सचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. १९९६ मध्ये वरच्या न्यायालयानं निकाल फिरवला: दावा तीन वर्षांच्या मुदतीत करायला हवा होता, तो केला नाही. गाणं कोणी लिहिलं, याबद्दल ज्यूरी जे म्हणाली ते चुकीचं होतं असं त्यांनी म्हटलं नाही. श्रेय लायमन आणि लेव्ही यांच्याच नावावर राहिलं.

(श्रेयनामावली. यात पाचही गायकांची नावं एकाच आकारात द्यावीत: हर्मन सँटियागो, जिमी मर्चंट, शर्मन गार्न्स, जो नेग्रोनी, फ्रँकी लायमन.)