दिवसाची वीज

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्याकडे, जुन्नरच्या पट्ट्यात, शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की बाराला थ्री फेज, म्हणजे मोटर चालवणारी वीज, यायची. वडील कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. मागोमाग मी. मोटर चालू करायची आणि गव्हाची दारं मोडत बसायचं. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून पाणी दुसऱ्यात. पाय गारठून बधिर व्हायचे. शेजारच्या उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक, बांधावर घोणस निघायची. आम्ही परतेपर्यंत आई जागी असायची.

वीज रात्रीच का? दिवसा कारखाने, शहरं, कचेऱ्या यांची मागणी मोठी. रात्री ती उतरते. पण कोळशावरचा वीजसंच चुलीसारखा घडीत विझवून घडीत पेटवता येत नाही. मग ती वीज पंपांच्या वाट्याला.

कार्बनचं उत्सर्जन कमी करायचं म्हणजे विकासाला खीळ, असं कुणी म्हणालं की मला ही पाळी आठवते. राज्यात ४५ लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत. पाच एचपीची मोटर आठ तास चालली तर तीस युनिट जळतात. देशात एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पंपाचा दिवसाला वीस किलोहून अधिक.

२०१७ साली राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा द्यायची. ती तीन रुपये युनिटच्या आसपास पडते. शेतीच्या स्वस्त विजेचा भार आजवर उद्योगांच्या बिलावर पडत आला, तो यानं हलका होऊ शकतो. शेतकऱ्याची झोप, कारखान्याचं बिल आणि हवा, तिन्हींचं भलं एकाच कामात होत असेल, तर पैसा आधी तिथेच लागला पाहिजे.

भारतानं जगाला दिलेला शब्दही नीट समजून घ्यावा. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी उतरवायचं आणि २०७० ला निव्वळ शून्यावर यायचं. यात एकूण उत्सर्जन उद्यापासून घटेल असं म्हटलेलं नाही. ते काही वर्षं वाढेलही. माणशी हिशेब केला तर अमेरिकेतला माणूस आपल्या जवळपास सातपट कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यामुळे ही सवलत मला रास्त वाटते. पण तिच्या आडोशाला बसून राहणं आपल्यालाच परवडणार नाही. अवकाळीनं द्राक्षबाग झोपते तेव्हा माणशी हिशेब कामाला येत नाही.

चंद्रपूरबद्दल मात्र बोललंच पाहिजे. तिथलं २९२० मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र राज्याच्या दिव्यांसाठी वर्षानुवर्षं राख झेलतं आहे. खाणीतला कामगार, कंत्राटी मजूर, कोळशाचा ट्रकवाला, गेटबाहेरची चहाची टपरी, सगळ्यांची चूल कोळशावर. उद्या संच बंद होत गेले तर या माणसांना काय काम मिळणार, याची तजवीज आजच हवी. मुंबईतल्या गिरणी कामगारांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे.

आणि पाण्याचं. दिवसा भरवशाची वीज आली म्हणून आठ तास विहीर उपसत राहिलो, तर खालचं पाणीच संपेल. ठिबकाशिवाय ही वीज अर्धीच उपयोगाची.

तुमच्याही ग्रामसभेत कधी तरी विषय येईल: गायरानाची जागा सौर प्रकल्पाला द्यायची का? त्या दिवशी जरूर जा. वीज आपल्याच फीडरला मिळणार का, हे विचारा. गावची शेरडं, गुरं मग कुठे चरणार, हेही विचारा. दोन्ही उत्तरं ठरावात लिहून घ्या आणि मगच हात वर करा.

नमस्कार.