जिन्याखालचा संगणक

नागपूरजवळची वाडी, अमरावती रोड. गाड्या लागल्यात, हमाल बसून आहेत, माल गोदामात तयार आहे. बिलच निघत नाहीये, कारण संगणकातल्या फायलींना खंडणीखोरांनी कुलूप लावलंय.

बिलं निघतात ती या संगणकातून. जिन्याखाली, कूलरच्या बाजूला, वर धुळीचा थर. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा यातच. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून ठेवलेला असतो. असे उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र फिरतात. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असेल, तर फार घाम गाळावा लागत नाही.

आत शिरलेला लगेच काही बिघडवत नाही. अँटिव्हायरस बंद करतो, ग्राहकांच्या याद्या आणि दरपत्रकं बाहेर नेतो, मग बॅकअप शोधतो. तो हा, बारा महिने यूएसबीला लटकलेली काळी डिस्क. संगणकाला दिसते ती त्यालाही दिसते. शनिवारी रात्री दोन्हीकडच्या फायलींना कुलूप लागतं आणि सोमवारी पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

बाजारात चर्चा होते ती खंडणीच्या आकड्याची. खर्च मात्र या टेबलावरच्या गठ्ठ्यांत आहे. रोजची १५० बिलं धरा. कधीतरी पेन ड्राइव्हवर घेतलेली जुनी प्रत मिळाली, मध्ये कामाचे ७५ दिवस गेलेले. पुन्हा चढवायची झाली ११,२५० बिलं. एकाला चार मिनिटं, म्हणजे ७५० तास. आठ-आठ तास बसणारे दोन ऑपरेटर लावले तरी ४७ दिवस, आणि रोजची नवी बिलं वेगळीच. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्यावरून जुळवता येते, विक्रीच्या रकमा आपणच भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात सापडतात. पण इतवारीत कोणाकडे किती उधारी राहिली, रोखीने किती आले, हे पोर्टलला ठाऊक नसतं. ज्याच्याकडे येणं आहे तो आकडा सांगायला स्वतःहून येत नाही. गाडीतल्या मालासोबत लागणारं ई-वे बिल तेवढं टॅलीशिवाय थेट सरकारी पोर्टलवर काढता येतं. हे माहीत असलेला एक जण हजर असला तर बऱ्याच गाड्या त्याच दिवशी सुटतात.

हा डिस्क पुसून कोरी करायला फॉरमॅट मारणारा हात बघा. सगळ्यात महाग चूक हीच. आधी नेटवर्कची वायर काढायची, डिस्क तशीच बाजूला ठेवायची. फॉरमॅटसोबत पुरावा जातो, आणि सायबर विमा असेल तर दावाही अडू शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तुटलेलं गिऱ्हाईक कोणत्याच वहीत चढत नाही.

यावर उपाय या दोन डिस्क. एक सोम-बुध-शुक्र, दुसरी मंगळ-गुरू-शनि. संध्याकाळी कॉपी झाली की वायर काढून कपाटात. महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावर डेटा रिस्टोअर करायचा आणि शेवटचं बिल उघडतं का, ते बघायचं.